डाव्या हाताचा अंगठा

“ह्या मुठीत बांगडो लपवन ठेवलेलो आसा काय, देवाक म्हायत,” सुगंधा पुटपुटली आणि ओल्या फडक्याचं टोक माडाच्या झावळीच्या हिराला गुंडाळून तिनं ते सासूच्या डाव्या मुठीत हळूच सारलं.

कुणी ऐकावं म्हणून ती बोलली नव्हती. पण गंगूचा कान तिच्या तोंडापासून वीतभरच लांब होता, आणि तो चांगला शाबूत होता. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला त्यात गंगूचा डावा हात गेला, डावा पाय ओढू लागला. जीभ जड झाली होती ती महिन्याभरात सुटली. तरी घरानं आपसूक ठरवून टाकलं की म्हातारीला आता ऐकू कमी येतं. गंगूनंही ते खोडून काढलं नाही. त्यामुळे तिला घरातलं बरंच काही कळायचं.

हीर आत गेला तशी तिनं ओठ दाबले. चार बोटं तळव्यात रुतली होती आणि त्यांच्या आत अंगठा कोंडला गेला होता. नखं कापायची म्हटली तर कात्री जायला जागा नव्हती. ती वाढत, तळव्यात टोचत, आणि टोचलेलं कधी वाळत नसे. सकाळी उठल्यावर मूठ जास्तच आवळलेली असायची. आतून कुणी जाळ्याची दोरी खेचून धरावी तशी कळ कोपरावरून खांद्यात चढायची.

पहिल्या वर्षी ती “दुखता गो” म्हणाली तेव्हा घरात खोबरेल गरम झालं होतं. दुसऱ्या वर्षी म्हणाली तेव्हा सत्यवान, तिचा मुलगा, म्हणाला होता, “वय झालां मां, आये.” तिसऱ्या वर्षी तिनं म्हणणं सोडून दिलं. हात धुवायचं काम तेवढं सुगंधानं सोडलं नव्हतं. एक दिवसाआड, पुटपुटत का होईना, ती हीर आणि फडकं घेऊन बसायची. त्या हाताला हात लावणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

“सत्यवाना, आसस काय रे घरात?”

पुढच्या खळ्यातून, अंगणातून, हाक आली. बाबली होता. मालवणात जमिनीची कामं करायचा, म्हणजे विकणाऱ्याला घेणाऱ्याकडे आणि दोघांनाही कचेरीत न्यायचा. सत्यवान जाळं बाजूला सारून उठला. दोघं पडवीत बसले. गंगू नेहमीच्या जागी, माजघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून होती. तिथून सगळं दिसे. खळं, तुळस, विहिरीचा रहाट, आणि समोरच्या भिंतीवर कॅलेंडर.

“पार्टी पक्की आसा,” बाबली म्हणाला. “मुंबयची माणसां, बोलणारी नाय, करणारी. म्हयन्या-दीड म्हयन्यान खरेदीखत करून टाकूया. काकी, बरी मां?”

गंगूनं मान हलवली.

वाळूमागची माडबाग विकायची, हे घरात ठरून गेलं होतं. मोठ्या जाळ्यांच्या बोटी किनाऱ्यापर्यंत येऊ लागल्यापासून सत्यवानाची छोटी होडी अर्ध्या रिकाम्या पाट्या घेऊन परतत होती. त्याला मोठी होडी, नवं इंजिन हवं होतं. गंगूला कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तरी ती नाही म्हणाली नसती. दर पावसाळ्यात दर्या बागेतले दोन माड घेऊन जायचाच. दर्यानं नेण्यापेक्षा मुंबईच्या माणसानं न्यावी, त्यात मुलाची होडी तरी होईल, असं तिचं साधं गणित होतं.

“सातबाऱ्यार नाव काकीचा,” बाबली म्हणाला, “तेव्हा अंगठो काकीचो व्हयो.”

“देतली. ता काय.”

“डाव्या हाताचो व्हयो पण.”

सत्यवानानं मान वर केली.

“आता पयल्यासारखा नाय रवला, मेल्या. शाय लावली, टेकवलो, झाला, असा नाय. मशीन इली आसा. फोटो काढतत. मशीनीर अंगठो ठेवूचो लागता, तो डावोच. माझ्याच पुढ्यात एका माणसाक परत धाडल्यानी.”

तिघांचीही नजर गंगूच्या मांडीवर गेली. मूठ तिथं पडली होती, वाळूत तोंड खुपसून बसलेल्या खेकड्यासारखी. इतक्या वर्षांत त्या मुठीकडे एवढ्या माणसांनी एकदम कधी पाहिलं नव्हतं. गंगूनं ती पदराखाली घेतली.

“मूठ उघडूक व्हयी,” बाबली हळू आवाजात म्हणाला. “कायतरी बघ, सत्यवाना.”

गंगूनं बोलायला तोंड उघडलं. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिला पाणी हवं असेल असं वाटून सुगंधानं लगबगीनं तांब्या आणला. गंगूनं तांब्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग पाणी प्यायली आणि तोंड मिटलं.

सत्यवान उठला. माजघरात आला, भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेला. एकाच खिळ्यावर तीन वर्षांची कॅलेंडरं एकावर एक अडकवलेली होती. जुनं काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं तिन्ही एकदम वर उचलली आणि खिळ्याच्या मुळाशी टोचलेली गुलाबी चिठ्ठी काढली. त्याला ती शोधावी लागली नाही.

झटक्यानंतर तीन महिन्यांनी मालवणच्या डॉक्टरांनी दिलेली ती चिठ्ठी. पणजीच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंचं नाव, आणि खाली दोन ओळी. असल्या आवळलेल्या हाताला एक इंजेक्शन असतं, महाग असतं, तीन-चार महिने टिकतं, पण उपयोग होतो, असं ते म्हणाले होते. ‘तीन म्हयन्यासाठी?’ म्हणून सत्यवानानं तेव्हा चिठ्ठी घडी घालून ठेवली होती.

“पणजेक जावया,” तो आता म्हणाला. बायकोला म्हणाला की आईला, ते कळलं नाही. सुगंधानं हीर आणि फडकं उचललं आणि ती मागील दारी गेली.

*

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक केसांच्या, गोव्याच्याच होत्या. मराठी बोलता बोलता मध्येच कोंकणीत शिरायच्या आणि त्यांच्या ते लक्षातही यायचं नाही. त्यांनी पुढ्यातल्या कागदांकडे पाहिलंच नाही. खुर्ची ओढून गंगूच्या गुडघ्याशी गुडघा लावून बसल्या आणि मूठ हातात घेतली.

“किती वर्षं झाली?”

“तीन,” सत्यवान म्हणाला.

“दुखतं?”

“दुखता असा नाय. घट झाला हा, इतक्याच.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी गंगूचं मनगट आधी खाली वाकवलं, मग करंगळीखाली आपलं बोट सारून ती अगदी सावकाश, धीरानं वर उचलू लागल्या. गंगूचे डोळे मिटले.

“आजी, दुखता?”

“दुखता.”

“कितल्या दिसांसून?”

“तीन वर्सां.”

सत्यवान वर पंख्याकडे पाहू लागला. पंखा बंद होता.

बाईंनी समजावून सांगितलं. मेंदूला धक्का बसल्यापासून तो या हाताला एकच निरोप धाडत राहिला आहे, आवळ म्हणून. हात बिचारा ऐकतो आहे. हे जे औषध आहे ते खरं म्हणजे विष. बिघडलेल्या डबाबंद खाण्यात तयार होतं, त्यानं माणूस मरतो. पण त्याचा अगदी कणाहून बारीक कण नेमक्या स्नायूत टोचला, तर तो स्नायूच्या दाराशी बसतो आणि आलेला निरोप आत जाऊ देत नाही.

“केंडासारखा?” गंगूनं विचारलं.

बाईंनी सत्यवानाकडे पाहिलं. “मासो,” तो म्हणाला. “जाळ्यात येता, फुगता. वीख आसता तेच्यात. आमी परत दर्यात टाकतो.”

“खाल्लाय कधी, आजी?”

“खाल्लंय आसतंय तर हय कशी इलंय आसतंय?”

बाई मोठ्यानं हसल्या. सुगंधाही पदर तोंडाला लावून हसली. सासूनं चार माणसांत केलेला विनोद तिनं किती वर्षांनी ऐकला होता, तिलाच आठवेना.

“केंडाचं विष सगळीच दारं एकदम लावून टाकतं,” बाई म्हणाल्या. “हे एकाच दाराशी बसून राहतं. तीन-चार महिने. मग उठून जातं, मूठ परत वळायला लागते आणि परत टोचावं लागतं. आणि एक आत्ताच सांगून ठेवते. गेलेली ताकद यानं परत येणार नाही. पण मूठ सैल होईल, कळ थांबेल, तळवा धुता येईल. घरी रोज व्यायाम करायचा, नाहीतर काही उपयोग नाही.”

“तीन म्हयने तरी सरळ रवात मां?” सत्यवानानं विचारलं.

“राहील.” बाईंनी पेन उचललं. “आता मला सांगा, या हातानं काय करायचं आहे? त्याप्रमाणे कुठल्या स्नायूत किती, ते मी ठरवते.”

“अंगठो,” सत्यवान चटकन म्हणाला. “म्हणजे... अंगठो भायर इलो, सरळ झालो, तर बरां.”

“मी आजींना विचारलं.”

सुगंधा पायाच्या अंगठ्यानं फरशीची रेघ घासत राहिली. गंगूनं आधी मूठ पाहिली, मग बाईंच्या हातातलं पेन.

“केस बांधूचे आसत,” ती म्हणाली.

“कुणाचे?”

“माझे.”

बाईंनी ते लिहून घेतलं. अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. सुगंधाचं पाऊल थांबलं. तीन वर्षं रोज सकाळी तीच सासूचे केस विंचरत होती. आंघोळी-जेवणांच्या घाईत, घट्ट ओढून, शाळेतल्या पोरीसारखं रबर लावून. त्याबद्दल सासूनं कधी एक शब्द काढला नव्हता.

इंजेक्शन एक नव्हतं, सहा होती. सुईला बारीक वायर जोडलेली, वायर एका छोट्या यंत्राला. सुई आत गेली की यंत्र टिक टिक करी आणि त्या तालावर हातातलं एकेक बोट उडे. “ही करंगळी,” बाई स्वतःशीच बोलत होत्या, “हे मधलं... आणि हो आंगठो.” गंगूला मुठीच्या आत काहीतरी हललेलं जाणवलं. तीन वर्षं तिथंच असून हरवलेलं बोट आतून ठोकत होतं. सुईनं कळ आली, पण ती नव्या जागची होती. जुन्या कळेपेक्षा बरी वाटली.

निघताना बाईंनी एक कार्ड दिलं. पुढची तारीख फेब्रुवारीची होती.

घरी आल्यावर सुगंधानं ते कार्ड दोऱ्यात ओवून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. कॅलेंडराच्या वर, समोरून दिसेल असं. सत्यवानानं ते पाहिलं. गंगू मनातल्या मनात मोजत होती. फेब्रुवारीपर्यंत जानेवारी येणार होता, आणि जानेवारीत त्या खिळ्यावर नवं कॅलेंडर लागणार होतं.

*

सातव्या दिवशी करंगळी सुटली. नवव्या दिवशी, कोमट पाण्याच्या घमेल्यात हात असताना, सुगंधानं एकेक करून चारही बोटं उलगडली आणि ती तशीच राहिली. परत मिटली नाहीत.

दोघी मागील दारी बसून त्या तळव्याकडे बघत राहिल्या. पेडवा मासळीच्या पोटासारखा पांढरा, सुरकुतलेला तळवा. त्यावर नखांच्या चार कोरी, ओल्या. आणि अंगठा अजून आडवाच, पण दिसणारा. त्याचं पेर तान्ह्या मुलाच्या पेरासारखं मऊ झालं होतं. चाळीस वर्षं मासळीच्या पाट्या उचललेल्या बाईचं ते पेर आहे असं कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

सुगंधानं नखं कापली. एकेक नख पानावर ठेवलं, जसं काही ते नंतर मोजायचं होतं. वास होता, पण ती पुटपुटली नाही.

“ह्यो कसलो वण, आये?” तिनं अंगठ्याच्या मुळाशी पांढऱ्या गाठीवर बोट ठेवलं.

“शेंगटाचो काटो. कट्टा गावच्या बाजाराक जाताना मासळेच्या पाटयेत हात घातलंय, बसलो तो आरपार. पंधरा दिवस अंगठो बांधून ठेवललो.” गंगू थोडं थांबली. “तुज्या लग्नाच्या आदीची गजाल.”

मग रोज तेच. सकाळी आणि दुपारी, कोमट पाणी, एकेक बोट उलगडून वीस आकडे मोजेपर्यंत धरायचं, मनगट मागे, मग डॉक्टरांनी दिलेली प्लास्टिकची पट्टी बांधायची. वीस मोजताना बोलायला वेळ मिळे. सुगंधा माहेरच्या, मसुरे गावच्या गोष्टी सांगायची, भराडीदेवीच्या जत्रेत तिची चप्पल कशी दोनदा हरवली ते सांगायची. गंगू क्वचित एखादा शब्द घालायची. सासूला नीट ऐकू येतं, हे सुगंधाच्या एव्हाना लक्षात आलं होतं. तिनं ते नवऱ्याला सांगितलं नाही.

सत्यवान संध्याकाळी दर्यावरून येई, पाय धुई आणि चुलीशी बसलेल्या बायकोला विचारी,

“अंगठो इलो?”

“येता येता.”

“कितको?”

सुगंधा आपला अंगठा थोडा बाहेर काढून दाखवी. तो मान हलवी. हात दुखायचा थांबला का, हे त्यानं विचारलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकायची भीती असते, तो माणूस दुसराच कुठलातरी प्रश्न विचारत राहतो, तसं त्याचं झालं होतं.

एका दुपारी, चौदा-पंधरा मोजता मोजता, सुगंधा म्हणाली, “आये, एकदा खरेदीखत झाला काय मगे...” आणि थांबली.

“मगे काय?”

“काय नाय. सोळा. सतरा.”

गंगूनंही पुढे विचारलं नाही. ते तिच्या मनात रोजच होतं. अंगठा एकदा कागदावर लागला, की हा हात परत कुणाच्या कामाचा उरणार नव्हता. फेब्रुवारीत दाराशी बसलेलं ते विष उठून जाईल, निरोप परत आत येऊ लागेल, बोटं परत वळतील. तेव्हा पणजीचा रस्ता कुणाला आठवेल? आणि ‘माका परत न्हेवा’ म्हणून स्वतः मागायची, तर मागणं ती वर्षभरापूर्वीच विसरली होती.

तिला वाटे, अंगठा थोडा सावकाश यावा. पण अंगठ्याला ते कुठलं कळायला? पाचव्या आठवड्यात तो बाहेर आला. थरथरत, पण सरळ.

*

खरेदीखताच्या दिवशी सकाळी सुगंधा नेहमीसारखी फणी घेऊन सासूच्या खोलीशी आली आणि दारातच थबकली.

गंगू खिडकीशी बसली होती. डावं कोपर तिनं खिडकीच्या चौकटीवर टेकवलं होतं आणि डोकं वाकवून मानच डाव्या हाताशी नेली होती. सैल बोटांत केसांचा शेंडा अडकवलेला. त्या बोटांना जोर नव्हता. पण ओल्या कपड्यावर ठेवलेला दगड जसं काम करतो, तसं काम ती करत होती. बाकीचं उजवा हात करत होता. पीळ सुटला. तिनं परत घातला. परत सुटला. तिसऱ्यांदा अंबाडा मानेवर बसला, आणि दातांत धरलेला आकडा तिनं त्यात खोचला.

सुगंधा आत गेली नाही. फणी पाठीमागे धरून उभी राहिली.

“वाकडो झालो,” थोड्या वेळानं ती म्हणाली.

“होवंदेत,” गंगू म्हणाली. “माझो आसा.”

कचेरीत गर्दी होती. बाबली इकडून तिकडे धावत होता, हातात कागद, कानावर पेन. मुंबईची पार्टी म्हणजे पांढऱ्या शर्टातले दोन शांत गृहस्थ निघाले. त्यांनी गंगूला नमस्कार केला. नंबर आला तसं सत्यवानानं आईला दंडाला धरून आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. सुगंधा मागे उभी राहिली.

टेबलापलीकडचे गृहस्थ चष्म्यावरून पाहत म्हणाले, “आजी, दस्त वाचून दाखवला ना तुम्हांला? राजीखुशीनं देताय?”

“व्हय.”

“फोटोसाठी इकडे बघा. हां. आता अंगठा. डावा.”

गंगूनं उजव्या हातानं डावा उचलला आणि टेबलावर ठेवला. पट्टीचे बंद सुगंधानं आधीच सोडले होते. बोटं उघडी राहिली, पण अंगठा थरथरत होता. काचेवर टेकवला की घसरत होता. सत्यवान पुढे झाला आणि वरून दाबू लागला. बाबलीनं दुसरीकडून मनगट धरलं. गंगू दोघांच्या मध्ये बसून होती.

“अहो, अहो, राहू द्या,” साहेब म्हणाले. “कशाला त्रास देताय त्यांना? आजी, उजवा द्या. मी बाजूला शेरा लिहितो, झालं.”

बाबलीचा हात सुटला. “साहेब, पण डावोच... डावाच लागतो ना?”

“डावा असला तर डावा. नसला तर उजवा. तोही नसला तर कुठलंही बोट.” साहेबांनी चष्मा पुसला. “हात अधू असलेली माणसं काय जमीन विकत नाहीत?”

सत्यवान आईकडे पाहणार तोच गंगूचा उजवा अंगठा काचेवर जाऊन टेकला होता. जराही न अडखळता. साहेबांनी सांगून संपवायच्या आत तिनं तो उचलून ठेवला होता, बरोबर मधोमध. डावा हात तिनं अलगद मांडीवर परत घेतला.

“वा,” साहेब म्हणाले. “आजींना सवय आहे.”

बाबली हसला, पण एकटाच. “म्हणजे इंजेक्शान उगाच केलास म्हणायचा, सत्यवाना!” मग तो झेरॉक्स काढायला म्हणून निघून गेला.

*

कचेरीच्या बाहेर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली सिमेंटचा बाक होता. तिघं त्यावर बसली, गंगू मध्ये. समोर रस्त्यावरून कट्ट्याची एसटी गेली, धूळ उडाली आणि बसली.

“तुका म्हायत होतां,” सत्यवान म्हणाला. तो समोरच पाहत होता.

गंगूनं पदर सारखा केला.

“कट्ट्याच्या पोस्टात,” मग ती म्हणाली. “शेंगटाचो काटो लागल्लो तेव्हा. डावो बांधलेलो. पोस्टातल्यान उजवो घेतल्यान आणि कायतरी लिवल्यान बाजूक.”

“मगे त्या दिसा बोललंस नाय कित्याक? बाबली इल्लो तेव्हा?”

गंगूनं डावा हात मांडीवर उताणा ठेवला होता. पानांतून पडलेलं ऊन तळव्यावर हलत होतं. नखांच्या कोरी आता वाळून फिकट झाल्या होत्या.

“त्या बोललेल्या आसत्या तर...” सुगंधा म्हणाली आणि सवयीनं थांबली. “काय नाय.”

सत्यवानानं बायकोकडे पाहिलं. मग आईच्या हाताकडे. त्यानं हात पुढे केला, तो तळव्यापर्यंत पोहोचला नाही, बाकाच्या कडेवरच थांबला.

“बोललेली आसती तर मी तिका पणजेक न्हेलंय नसतंय,” तो म्हणाला.

झाडावरून एक पिवळं फूल खाली पडलं. कुणी उचललं नाही.

“ती चिठी माज्या हातान थंय टोचलंय, आये. दर वर्साक कॅलेंडर लावताना माका ती दिसत होती.”

गंगूनं उजव्या हातानं मानेवरचा वाकडा अंबाडा चाचपला. होता तिथंच होता.

“माका पण,” ती म्हणाली.